एक टन, ३६७ मीटर

[दृश्य: चारमजली इमारतीची गच्ची. काळी प्लास्टिकची टाकी. खालून पंपाची घरघर.]

हजार लिटरची टाकी. म्हणजे बरोबर एक टन पाणी. पंपानं ते बारा मीटर वर चढवलंय आणि आता ते तिथं बसून आहे. हेच पाणी परत खाली सोडलं, वाटेत एक छोटं टर्बाइन बसवलं, तर किती वीज मिळेल?

हिशेब शाळेतलाच आहे. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. उत्तर येतं सुमारे ३३ वॅट-तास. नऊ वॅटचा बल्ब साडेतीन तास जळेल. मोबाइल दोनदा चार्ज होईल. आणि हे टर्बाइननं वाटेत काहीच खाल्लं नाही असं धरून.

आता हाच हिशेब उलटा मांडू. वीजबिलावर जे युनिट छापलेलं असतं, म्हणजे हजार वॅट-तास, ते एक युनिट अशा पद्धतीनं साठवायचं तर एक टन वजन किती उंच न्यावं लागेल?

३६७ मीटर. मुंबईतल्या सगळ्यांत उंच रहिवासी इमारतीही तिथवर पोचत नाहीत.

एक टन, ३६७ मीटर, एक युनिट. पुढची काही मिनिटं हा आकडा सोबत ठेवा. गुरुत्वाकर्षणावर वीज साठवण्याच्या जितक्या योजना जगात निघाल्या, त्या सगळ्यांना शेवटी याच आकड्यासमोर उभं राहावं लागतं.

[दृश्य: सौर पॅनेलांच्या रांगा, भर दुपार. मग संध्याकाळचं शहर, दिवे लागताना.]

साठवायची गरज का पडली ते सर्वांना ठाऊक आहे. जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौर क्षमता एक लाख मेगावॅटच्या पलीकडे गेली. सूर्य दुपारी एकला भरभरून देतो, आणि संध्याकाळी सात वाजता, घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, एसी एकदम सुरू होतात तेव्हा, तो घरी गेलेला असतो. दुपारची वीज सातपर्यंत कुठंतरी ठेवायला हवी. बॅटरीत ठेवता येते. पण बॅटरीला लिथियम लागतं, ते बाहेरून येतं, आणि काही वर्षांनी बॅटरी थकते. मग साहजिकच कुणाच्याही मनात येतं: वजन उचलून ठेवायला काय हरकत आहे? दगड थकत नाही. वर टांगलेलं वजन वर्षभर टांगलेलं राहिलं, तरी त्यातली ऊर्जा गळत नाही.

[दृश्य: स्वित्झर्लंड. दरीत उभी सहा हातांची क्रेन, हातांना लोंबणारे काँक्रीटचे ठोकळे.]

स्वित्झर्लंडच्या इटालियन भाषिक तिचिनो प्रांतात कास्तियोने-आर्बेदो नावाचं गाव आहे. तिथं २०२० मध्ये एनर्जी व्हॉल्ट या कंपनीनं सहा हातांची एक उंच क्रेन उभी केली. वीज जास्त असली की क्रेननं पस्तीस-पस्तीस टनांचे ठोकळे उचलून एकावर एक रचायचे. वीज हवी झाली की एकेक ठोकळा खाली सोडायचा. दोर ओढला जातो, मोटर उलटी फिरते आणि जनित्र बनते. व्हिडिओ जगभर फिरले. पाहायला देखणंच होतं ते. जपानच्या सॉफ्टबँकेनं त्याआधीच, २०१९ मध्ये, अकरा कोटी डॉलर गुंतवले होते.

पण शंभर मीटर उंचीवर, लांब दोरीच्या टोकाला पस्तीस टन लोंबतंय आणि वारा सुटलाय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. ते झुलू न देता आधीच्या ठोकळ्यावर अचूक बसवायचं, आणि दिवसभर बसवत राहायचं. पुढच्या आराखड्यात उघडी क्रेन गेली. तिच्या जागी बंदिस्त, चौकोनी इमारत आली. आत ठोकळे लिफ्टनं वर जातात आणि मजल्यांवर आडवे सरकवून ठेवले जातात.

[दृश्य: चीन. सपाट प्रदेशात उभी खिडक्या नसलेली प्रचंड राखाडी इमारत.]

अशी पहिली मोठी इमारत चीनमध्ये, शांघायच्या उत्तरेला रुदोंग इथं उभी राहिली. क्षमता २५ मेगावॅट, साठवण १०० मेगावॅट-तास. म्हणजे एक लाख युनिट.

आता आपला आकडा काढा. पंचवीस टनांचा ठोकळा शंभर मीटर उचलला की त्यात पावणेसात युनिट बसतात. एक लाख युनिटांसाठी असे साधारण चौदा-पंधरा हजार ठोकळे लागतील. एकूण वजन पावणेचार लाख टनांच्या घरात. हे सगळं वजन कशानं तरी पेलायला हवं, उचलायला दोर हवेत, दोरांना चाकं, चाकांना बेअरिंग, आणि यातला प्रत्येक भाग झिजणारा. दगड थकत नाही हे खरं, पण तो उचलणारी यंत्रं थकतात.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ठोकळ्यांमुळे नाव झालेली हीच कंपनी अमेरिकेत जे साठवण प्रकल्प उभे करते, ते बहुतेक लिथियम बॅटरीचे आहेत.

[दृश्य: स्कॉटलंड. लीथचं बंदर, पोलादी मनोरा.]

उंच बांधायचं नसेल तर खोल जा. एडिंबरोजवळच्या लीथ बंदरात ग्रॅव्हिट्रिसिटी या कंपनीनं २०२१ मध्ये पंधरा मीटरचा पोलादी मनोरा उभारून पंचवीस-पंचवीस टनांची दोन वजनं खालीवर करून दाखवली. मनोरा ही नुसती रंगीत तालीम. खरी कल्पना बंद पडलेल्या खाणींची होती: शेकडो मीटर खोल विहीर आयती खणलेली आहे, तिच्यात वजन सोडा. फिनलंडमधली प्युहासाल्मी ही तांबं आणि जस्ताची खाण १,४४४ मीटर खोल आहे. तिच्या एका ५३० मीटरच्या विहिरीत दोन मेगावॅटचं यंत्र बसवायची योजना २०२४ मध्ये जाहीर झाली.

लीथच्या मनोऱ्याची क्षमता २५० किलोवॅट होती, आणि पूर्ण जोर एका सेकंदाच्या आत लागत होता. हे साधं काम नाही. ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या जाळ्यात, मागणी पुरवठ्याच्या पुढं गेली आणि वारंवारता अचानक घसरली की सेकंदाच्या आत हात देणारं यंत्र सोन्याचं. पण साठा किती? पन्नास टन, पंधरा मीटर. अगदी उदारपणे मोजलं तरी दोन युनिट. अडीचशे किलोवॅटनं चालवलं तर अर्ध्या मिनिटात संपलं.

मग खोलीही वाढवू आणि वजनही. हजार टन, हजार मीटर. इतकं वजन पेलणारा दोर आणि विहिरीचा तोंडावरचा सांगाडा कसा असेल ते बाजूला ठेवू. साठा होतो २,७२५ युनिट. हाही आकडा लक्षात ठेवा, थोड्याच वेळात लागेल.

[दृश्य: कसारा घाट. मालगाडी उतरतेय, मागे-पुढे इंजिनं.]

रेल्वेवाल्यांना ही युक्ती नवी नाही. भोर घाट आणि थळ घाट (म्हणजेच कसारा घाट), दोन्हींचा चढ सदतीसात एक. १९३० च्या आसपास इथं विजेची इंजिनं आली, तेव्हाच्या त्या लांबलचक, मधे वळणाऱ्या ‘मगर’ इंजिनांनाही उतारावर मोटरचं जनित्र करून वीज तारेत परत ढकलण्याची सोय होती. इगतपुरीहून कसाऱ्याला दोन हजार टनांची गाडी सुमारे तीनशे मीटर उतरते. त्यात सोळाशे युनिट दडलेले असतात. सगळे परत मिळत नाहीत, पण चाकं तापवून वाया घालवण्यापेक्षा बरं. स्वीडनच्या किरुनाहून नॉर्वेच्या नार्विक बंदरात लोहखनिज नेणाऱ्या गाड्या तर उतरताना इतकी वीज परत देतात, की रिकामे डबे चढवण्याचं बरंचसं काम त्यावर भागतं.

अमेरिकेत एआरईएस नावाच्या कंपनीनं यालाच साठवणीचं रूप दिलं. नेवाडातल्या पहरम्प गावाजवळ, खडीच्या खाणीच्या उतारावर, वजन भरलेले डबे वर चढवायचे आणि हवे तेव्हा खाली सोडायचे. पन्नास मेगावॅटची योजना, पण काम ग्रिडला क्षणाचा तोल देण्याचं. रात्रभर शहर चालवण्याचा दावा त्यांनीही केला नव्हता.

[दृश्य: पावसाळा. घाटघर. धुकं, कड्यावरून उलटं उडणारं पाणी. धुकं फाटतं, खाली कोकण.]

आता पाणी.

अकोले तालुका, भंडारदऱ्याच्या वर, रतनगडाच्या शेजारी. घाटघर. ट्रेकर मंडळींना हे नाव सांधण दरीमुळे माहीत आहे. कड्याच्या टोकाला उभं राहिलं की जमीन संपते आणि चारशे मीटरहून अधिक खाली थेट शहापूर तालुका दिसतो. सह्याद्रीनं हा कडा आयता दिला आहे. तो उभा करायला कुणाला पोलाद आणावं लागलं नाही.

वर घाटघरला एक ठेंगणं धरण. खाली चोंढ्याजवळ एक उंच धरण. दोन्ही रोलरनं दाबलेल्या काँक्रीटची. या पद्धतीनं बांधलेली भारतातली ही पहिली धरणं. मधे डोंगराच्या पोटातून गेलेला बोगदा, आणि जमिनीखाली वीजगृह. त्यात १२५ मेगावॅटचे दोन संच. सरकारी कागदांत नाव आहे ‘घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प’. उदंचन म्हणजे खालचं पाणी पंपानं परत वर चढवणं. जपानच्या कर्जातून बांधला, २००८ मध्ये सुरू झाला.

[दृश्य: वीजगृह. उभा जाड दंड फिरतोय. हेल्मेट घातलेला तंत्रज्ञ कानावर हात ठेवून मीटर वाचतोय.]

इथं टर्बाइन आणि पंप वेगळे नाहीत. तोच पात्यांचा चक्राकार संच. पाणी वरून आलं की तो एका दिशेनं फिरतो आणि वीज देतो. बाहेरून वीज दिली की उलट दिशेनं फिरतो आणि पाणी वर ढकलतो. दिशा बदलताना संच आधी पूर्ण थांबवावा लागतो, म्हणून हा बदल क्षणात होत नाही, काही मिनिटं जातात.

चारशे मीटरचा उतार. म्हणजे आपल्या ३६७ च्या जरा वर. वाटेतली गळती धरली, तर घाटघरला एक टन पाणी उतरलं की साधारण एक युनिट. हिशेब याहून सोपा होणार नाही. दोन्ही संच पूर्ण जोरात चालले, की तासाला अडीच लाख युनिट, म्हणून तासाला अडीच लाख टन पाणी. सेकंदाला सत्तर टन. उन्हाळ्यात दुष्काळी गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा: असे सात टँकर, दर सेकंदाला, कड्यावरून खाली.

मघाचे २,७२५ युनिट आठवतात? खाणीत टांगलेलं हजार टन वजन, हजार मीटर खोल. घाटघर तेवढी वीज चाळीस सेकंदांत देऊन मोकळं होतं. रुदोंगच्या इमारतीतले एक लाख युनिट? चोवीस मिनिटं.

आणि घाटघर हा जगाच्या मानानं लहान प्रकल्प. अमेरिकेतला बाथ काउंटी तीन हजार मेगावॅटचा आहे, १९८५ पासून चालतोय. चीनच्या हबेई प्रांतातला फंगनिंग ३,६०० मेगावॅटचा. वेल्समध्ये पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीखाली, डोंगर पोखरून बांधलेला दिनोर्विग आहे. तिथले संच पाण्याविना नुसते फिरत तयार ठेवतात, कारण टीव्हीवरचा लोकप्रिय कार्यक्रम संपला की ब्रिटनमधल्या लाखो घरांत एकाच वेळी चहाच्या किटल्या चालू व्हायच्या, आणि ती उडी काही सेकंदांत पेलावी लागायची.

पाणी जिंकतं त्यामागं काही चमत्कार नाही. गुरुत्वाकर्षणाची साठवण मुळात विरळ आहे. एक युनिट ठेवायला लिथियमचे सेल सात किलोच्या आसपास पुरतात. इथं टनाला साडेतीनशे मीटर चढवावं लागतं. ही विरळ ऊर्जा उपयोगाची व्हायची तर वजन लाखो टनांत हवं, आणि लाखो टन वजन स्वतःहून वाहणारं, दोराविना उचलता येणारं, झिजत नसलेलं आणि जवळपास फुकट असं एकच आहे. ठोकळेवाले आणि खाणीवाले मूर्ख होते असं म्हणायचं नाही. जिथं डोंगर नाही, पाणी नाही, तिथं काय करायचं, हा त्यांचा प्रश्न खराच होता. पण ज्या राज्याच्या पाठीवर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सह्याद्रीचा कडा आहे, त्यानं क्रेनच्या व्हिडिओंकडे डोळे लावून बसण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

[दृश्य: रात्रीचं औष्णिक वीज केंद्र, चिमण्यांतून धूर. पडद्यावर घड्याळ.]

घाटघरची एक गंमत आहे. त्याची कल्पना निघाली तेव्हा सौरऊर्जा कुणाच्या हिशेबातच नव्हती. औष्णिक केंद्रं रात्री बंद करता येत नाहीत. मागणी झोपलेली, बॉयलर जागा. ती रात्रीची उरलेली वीज घेऊन पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी उतरवायचं, अशी मूळ योजना. आता स्वस्त वीज दुपारी असते. तेच यंत्र, तेच पाणी, फक्त पंप चालवायची वेळ मध्यरात्रीवरून भरदुपारी सरकते. ज्या यंत्राला कोळशासाठी आणलं, ते सूर्यासाठीही तितकंच कामाचं निघालं.

यात काही हरवतं, ते लपवायचं कारण नाही. चार युनिट घालून वर चढवलेलं पाणी उतरताना तीन देतं. चांगल्या लिथियम बॅटरीत याहून कमी गळतं. शिवाय बॅटरी वर्ष-दीड वर्षात, शहराच्या कडेला, एखाद्या उपकेंद्राच्या आवारात बसवता येते. बॅटरी-पॅकची जागतिक सरासरी किंमत २०२४ मध्ये किलोवॅट-तासाला, म्हणजे युनिटला, ११५ डॉलरपर्यंत खाली आली; २०१० मध्ये ती हजाराच्या वर होती. दोन तासांची साठवण हवी असेल तर मी बॅटरीच्या बाजूनं मत देईन. सहा-आठ तासांची हवी असेल आणि पन्नास वर्षं हवी असेल, तर पाणी. धरणाला वॉरंटी लागत नाही.

[दृश्य: मुळशी जलाशय. शांत पाणी, काठाला हॉटेलांचे फलक.]

पण धरणाखाली गाव असतं.

रायगडच्या भिरा इथं टाटांचं वीज केंद्र १९२७ पासून चालतंय. १९९० च्या दशकात तिथं दीडशे मेगावॅटचा एक उदंचन संच बसवला गेला. तो खालचं पाणी परत वर, मुळशीच्या तलावात चढवतो. वीज अभियंता त्या तलावाला साठवण म्हणेल. त्याच पाण्याखाली मुळशी पेट्यातली गावं आहेत. १९२१ मध्ये ‘जान किंवा जमीन’ म्हणत मावळातले शेतकरी तिथं सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातूनच सेनापती झाले, तुरुंगात गेले. धरण झालंच. मुंबईला वीज मिळाली. आजही पावसाळ्यात भीमा खोऱ्यातल्या तालुक्यांत प्रश्न निघतो, की आमच्या खोऱ्याचं पाणी घाट उतरून समुद्राला का जातं.

म्हणून नव्या उदंचन प्रकल्पांच्या यादीकडे नुसतं मेगावॅट मोजून बघता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरनं राज्य सरकारशी शिरवटा इथं १,८०० आणि भिवपुरीला १,००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. इतर कंपन्यांचेही करार झाले. यात एक फरक महत्त्वाचा आहे. जुना तलाव आहे, त्याला फक्त दुसरं टोक जोडायचं, तर बुडणारी जमीन कमी. नदीपासून दूर, दोन छोटे तलाव बांधून तेच पाणी खालीवर फिरवायचं, तर एकदा भरलं की पुढं फक्त बाष्पीभवनापुरतं पाणी घ्यावं लागतं. पण सड्यावर, जंगलात, कड्याच्या तोंडाशी नवा तलाव खणायचा असेल, तर त्यासाठी रस्ता लागतो, बोगदा लागतो, बोगद्याचा राडारोडा टाकायला दरी लागते, आणि वीजतारांच्या मनोऱ्यांची रांग उभी करायला झाडं तोडावी लागतात. प्रकल्पाच्या कागदावर ‘बाधित क्षेत्र’ म्हणून तलाव तेवढा दिसतो.

[दृश्य: नर्मदा. सरदार सरोवराचं धरण, खालचं कोरडं पात्र.]

आणि कधी कधी यंत्रं येतात, तलाव येत नाही. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजगृहात दोनशे मेगावॅटचे सहा संच आहेत. सगळे दोन्ही दिशांनी फिरणारे. पण पाणी वर चढवायचं तर खाली पाणी साठलेलं हवं, आणि त्यासाठी गरुडेश्वरला बंधारा हवा होता. तो रखडला, म्हणून बाराशे मेगावॅटचे पंप वर्षानुवर्षं नुसते टर्बाइन होऊन राहिले. २०२४ च्या सुमारास देशात पावणेपाच हजार मेगावॅटच्या आसपास उदंचन क्षमता उभी होती, आणि तिच्यातली सुमारे ३,३०० मेगावॅट खऱ्या अर्थानं पाणी वर चढवत होती. फरकाचा मोठा भाग या एका ठिकाणचा.

[दृश्य: नियंत्रण कक्ष. भिंतभर पडदा, मागणीचा आलेख. कोपऱ्यात दुपारचा आणि संध्याकाळचा दर.]

यंत्र आहे, दोन्ही तलाव आहेत, पाणी आहे, तरी पंप कधी लावायचा हे दरच ठरवतो. समजा दुपारची वीज तीन रुपयांनी मिळाली. चार युनिट चढवायला बारा रुपये. उतरताना तीन युनिट. म्हणजे संध्याकाळी विकताना एकेक युनिट चार रुपयांचं झालं. बांधकामाचं कर्ज, व्याज, पगार, देखभाल याच्या वर. दुपार आणि संध्याकाळ यांच्या दरात इतकं अंतर नसेल, तर घाटघरचा कडा कितीही उंच असो, संच बंद राहील. दुपारची सौर वीज जितकी वाढेल तितकं हे अंतर रुंदावत जाईल. आणि शेजारी बॅटऱ्यांची रांग उभी राहिली, की तीही त्याच अंतरावर हात मारायला येईल.